जिंकला तो शहाणा, हरला तो वेडा?

शेवटचा_बाक

२००७ ची टी-२० विश्वचषकाची फायनल आठवत असेल. शेवटची ओव्हर, पाकिस्तानला १३ हव्यात, विकेट एकच उरलेली. हरभजनची एक ओव्हर शिल्लक होती, पण सतराव्या ओव्हरमध्ये मिसबाहनं त्याला ३ षटकार ठोकले होते. धोनीनं चेंडू दिला जोगिंदर शर्माला. पहिलाच वाइड. मग एक निर्धाव. मग समोर षटकार. आता ४ चेंडूंत ६. मिसबाह ऑफच्या बाहेर सरकला, चेंडू मागे उचलायला गेला आणि तो वर चढून शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या हातात पडला. ५ धावांनी कप आपला.

तेव्हापासून जोगिंदरला ओव्हर देणं म्हणजे कप्तानीचा मास्टरस्ट्रोक. तो चेंडू बॅटवर जरा बरा बसला असता, तर हीच ओव्हर 'अनुभवी बोलर बाजूला ठेवून नवख्याच्या हातात कप दिला' म्हणून आजतागायत उगाळली गेली असती. चेंडू हातात देताना धोनीला जे माहीत होतं, त्यात काडीचाही फरक पडला नसता. फरक फक्त नंतर पडला.

दुसरं टोक २००५ ची एजबॅस्टन टेस्ट. सकाळी सरावात मॅकग्राचा पाय चेंडूवर पडून घोटा गेला. तरीही पाँटिंगनं नाणेफेक जिंकून इंग्लंडला बॅटिंग दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी ४०७ केल्या आणि शेवटी ऑस्ट्रेलिया २ धावांनी हरलं. हा निर्णय आता 'सर्वांत वाईट नाणेफेकी'च्या प्रत्येक यादीत असतो. शेवटची विकेट कॅस्प्रोविचची, ग्लव्हला लागून कीपरकडे. रिप्लेत दिसलं की चेंडू लागला तेव्हा तो हात बॅटवर नव्हताच, म्हणजे नियमानं तो नाबाद. ते अपील फेटाळलं गेलं असतं आणि पुढच्या चेंडूला चौकार बसला असता, तर पाँटिंगची नाणेफेक त्या यादीत असती का?

क्रिकेटचं सोडा. घरात, ऑफिसात, बातम्यांत आपण दिवसभर हेच करतो. नोकरी सोडली आणि जमलं तर 'धाडसी', नाही जमलं तर 'सांगत होतो तुला'. आधी कुणीही काहीही सांगत नव्हतं, हा भाग वेगळा.

तर प्रश्न असा : निकाल झाकून ठेवला, तर निर्णय चांगला होता की वाईट हे ठरवायचं कशावर?

तिरपा_चेंडू

विषय झकास. पण पाँटिंगला तुम्ही फार सवलत देताय. मॅकग्रा नसताना बोलिंग घेणं चुकलंच होतं आणि ते पहिल्या दिवशी संध्याकाळी ४०७ च्या बोर्डावर दिसत होतं. शेवटी ३ धावा जास्त झाल्या असत्या, तर एक चुकीचा निर्णय नशिबानं झाकला गेला असता, एवढंच. म्हणजे उलटंही खरं आहे की. वाईट निर्णयावर विजयाची शाल पडली की खालचं कुणी बघत नाही.

धोनीचंच २०११ घ्या. फायनलला फॉर्मातल्या युवराजच्या आधी स्वतः आला. त्या स्पर्धेत तोवर त्याची एक फिफ्टी नव्हती. नाबाद ९१ केल्या म्हणून आपण म्हणतो, वा! पण कारण होतं. समोर मुरलीधरन, ज्याला तो आयपीएलच्या नेट्समध्ये खेळलेला, आणि क्रीजवर डावरा गंभीर. शून्यावर गेला असता तरी हे कारण तसंच राहिलं असतं. फक्त ते ऐकायला कुणी थांबलं नसतं.

खडूस

नाचता येईना अंगण वाकडं. माफ करा, पण धागा वाचून पहिली हीच म्हण आठवली.

माझं अर्धं आयुष्य रिव्ह्यू मीटिंगमध्ये गेलंय. तिथे हरलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो : निर्णय बरोबर होता साहेब, परिस्थिती बदलली. आणि जिंकलेला एकही जण म्हणत नाही की निर्णय भिकार होता पण नशीब चांगलं निघालं. नशिबाचा हिशेब असा एकाच बाजूनं लिहिला जात असेल, तर मी तो मानत नाही. निकाल निदान खोटं बोलत नाही.

आकडेमोड

खडूसकाका, निकाल खोटं बोलत नाही, पण एकटा निकाल फार कमी बोलतो.

२०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत निवडणुकांचे अंदाज वर्तवणाऱ्या नेट सिल्व्हरच्या मॉडेलनं मतदानाच्या दिवशी ट्रम्पला जिंकायची साधारण २९ टक्के शक्यता दिली होती. ट्रम्प जिंकले आणि लोक म्हणाले, अंदाज साफ चुकला. २९ टक्के म्हणजे फाशावर १ किंवा २ पडण्यापेक्षा थोडीच कमी शक्यता. फाशावर २ पडला म्हणून कुणी फासा चुकला म्हणतं का? उलट त्याच निवडणुकीत ट्रम्पना १-२ टक्के देणारेही होते. प्रश्न त्यांना विचारायला हवा होता. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवलं गेलं, कारण लोकांच्या लेखी अंदाज दोनच प्रकारचे. बरोबर आणि चूक.

असं मॉडेल चांगलं की वाईट हे ठरवायची रीत सोपी आहे. जेव्हा जेव्हा त्यानं ३० टक्के म्हटलं, ते सगळे प्रसंग गोळा करा आणि त्यांतले साधारण ३० टक्के खरे झाले का ते बघा. हवामान खात्याचे लोक स्वतःला असंच तपासतात. एका दिवसाच्या पावसावरून नाही.

आणि ही आपल्या डोक्याची खोड आहे, हे तपासलेलंही आहे. बॅरन आणि हर्शी या दोघांनी १९८८ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले होते. एक डॉक्टर अमुक धोका माहीत असताना शस्त्रक्रिया करायचं ठरवतो. माहिती तीच, धोका तोच. काहींना सांगितलं रुग्ण वाचला, काहींना सांगितलं दगावला. दगावला हे कळलेल्यांनी डॉक्टरच्या निर्णयाला कमी गुण दिले.

खडूस

ताई, शंभर वेळा फासे टाकायला मिळाले तर मान्य. माणसाला नोकरी, लग्न, ऑपरेशन हे शंभर वेळा करायला मिळत नाही. तिथे तुमची सरासरी काय कामाची?

आकडेमोड

हा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

वजीर

बुद्धिबळात नशीब नाही असं म्हणतात. फासे नाहीत, पाऊस नाही, टॉस नाही. तरी तिथेही हाच तमाशा चालतो, उलट जास्तच.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश आणि डिंग लिरेनचा चौदावा डाव. डाव बरोबरीकडे चाललेला. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण एवढ्यावर त्या पातळीवर कुणी जिंकत नाही. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ-२ वर आणला. बघणाऱ्यांच्या पडद्यावर कोण वरचढ ते दाखवणारी इंजिनची (संगणकाची) पट्टी धाडकन काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या, बाजूला गेली आणि सगळं जग ओरडलं, अरे हे काय केलं! पट्टी नसती तर त्या ओरडणाऱ्यांतल्या कितीजणांना कळलं असतं की हत्ती आणि उंट दोन्ही पटावरून उतरतात आणि उरतो तो प्याद्यांचा हरलेला डाव? ज्याला कुणी पट्टी दाखवत नव्हतं, त्या गुकेशला ते काही क्षणांत दिसलं. १८ व्या वर्षी तो जगज्जेता झाला.

आता मूळ प्रश्नाकडे. लोक म्हणतात त्या चालीनं डिंग हरला. माझं मत, त्याचा खरा निर्णय खूप आधीचा होता. त्या डावात पांढरी मोहरी त्याची, तरी तो सोंगट्यांची मारामारी करून बरोबरीकडे, म्हणजे पुढच्या जलद डावांकडे, जात राहिला. जलद खेळात तो वरचढ मानला जायचा, त्यामुळे बेत मूर्खपणाचा नव्हता. पण एका प्याद्यानं कमी असलेला शेवट तासन् तास राखत बसायचं, तर कधीतरी हात चुकणार, हे त्या बेतातच लिहिलेलं होतं. निकाल सगळं लक्ष शेवटच्या चालीवर खेचून नेतो, हे मला निकालाचं सर्वांत मोठं पाप वाटतं. बक्षीस किंवा शिक्षा शेवटच्या माणसाला, शेवटच्या क्षणाला.

तिरपा_चेंडू

शेवटचा परिच्छेद +१००. शेवटच्या चेंडूवर सिक्स मारणारा हिरो, आणि मधल्या ओव्हरमध्ये ८ धावांत ३ ओव्हर टाकणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही.

रानपाखरू

खडूसकाकांनी ऑपरेशन म्हटलं म्हणून लिहितेय, एरवी मी वाचनमात्र असते.

बाबांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. ऑपरेशन केलं तर या वयात धोका आहे. नाही केलं तर दम लागत लागत दिवस काढायचे आणि किती ते सांगता येत नाही. बाबा म्हणाले, जिना चढताना दर पायरीवर थांबणं मला नको. आम्ही होकार दिला. ऑपरेशन छान झालं. सर्जननं बाहेर येऊन तसं सांगितलंसुद्धा. नंतर छातीत जंतुसंसर्ग झाला आणि बाबा गेले.

भेटायला येणाऱ्यांची वाक्यं मला तोंडपाठ आहेत. 'या वयात कशाला चिरफाड?' 'औषधावर राहिले असते अजून चार वर्षं.' सगळ्यात पुढे माझा दादा. तो तेव्हा परगावी होता, फोनवर 'तू बघ काय ते' म्हणाला होता. जे लोक आता ठामपणे बोलतात, त्यांच्यातल्या कुणालाही होकाराच्या आधी ठाम बोलताना मी ऐकलं नाही.

मला एक कळत नाही. काही न करता बाबा गेले असते, तर कुणी काही बोललं असतं का? मला वाटतं म्हणाले असते, वय झालं होतं, शांतपणे गेले. काही केलं आणि बिघडलं की हात धरतात. बसून राहिलो आणि बिघडलं तर ते दैवावर जातं.

तिरपा_चेंडू

रानपाखरू, वाईट वाटलं वाचून. बाबांना नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यावरून फुटबॉलमधली एक गोष्ट आठवली, तिथे हे अगदी उलटं आहे. इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टी किक तपासल्या. गोलकीपर मधे उभा राहिला तर अडवण्याची शक्यता सर्वांत जास्त, असं निघालं. पण कीपर मधे उभे राहतात फक्त ६.३ टक्के वेळा. बाकी वेळी डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप. उभा राहिला आणि कोपऱ्यातून गोल गेला, तर प्रेक्षक म्हणणार, हा हललासुद्धा नाही! झेप घेऊन गोल खाल्ला तर निदान प्रयत्न केला. म्हणजे मैदानात काहीतरी करणाऱ्याला माफी आणि तुमच्याकडे काहीच न करणाऱ्याला. ज्या ठिकाणी जे 'रीतीचं' मानलं जातं ते करून हरलात तर चालतं. रीत मोडून हरलात तर मेलात.

पोथीवाला

'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' कुणी अजून कसं टाकलं नाही याचंच नवल करत होतो.

पण गंमत अशी की आपण अर्धा श्लोक पाठ करतो. पुढे म्हटलंय, 'मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि'. फळासाठी करू नकोस, आणि फळ हातात नाही म्हणून हातपाय गाळून बसायचाही मोह धरू नकोस. रानपाखरूंचे नातेवाईक ज्याला पुण्य समजतात ते बसून राहणंही तिथे सुटत नाही.

त्याहून उपयोगी श्लोक अठराव्या अध्यायात आहे, चौदावा. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात : जागा, करणारा, साधनं, वेगवेगळ्या हालचाली, 'दैवं चैवात्र पञ्चमम्'. पाचवं दैव. पुढे दोनच श्लोकांनी म्हटलंय, हे असं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची. हे हरणाऱ्याला सांत्वन म्हणून सांगतात, खरं तर जिंकणाऱ्याला ऐकवायला हवं. खडूसकाकांच्या मीटिंगमध्ये भिंतीवर लावा.

ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञ मंडळींचा दाखला धनुर्धराचा आहे. सिसेरोनं तो नोंदवलाय. नेम नीट धरणं, बाण नीट सोडणं हे त्याचं काम. लागणं हवंसं, पण त्याच्या चांगुलपणाचं माप ते नव्हे. मधेच वारा सुटू शकतो.

खडूस

पोथीवालेबुवा, धनुर्धर दहा वर्षं रोज वाऱ्यालाच दोष देत असेल तर?

आणि कायद्याचं काय? दोघं गाडी चालवताना फोन बघतात. एकाच्या समोर मूल येतं, दुसऱ्याच्या नाही. चूक तंतोतंत एक. एक तुरुंगात जातो, दुसरा दंड भरून घरी. तुमच्या हिशेबानं दोघांना सारखी शिक्षा हवी. देणार?

शेवटचा_बाक

काका, तुम्ही नकळत तत्त्वज्ञानातल्या मोठ्या वादात पाय टाकलात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये नेमका हाच पेच मांडला, नेगेलकडे तर असाच ड्रायव्हर आहे. जे हातात नव्हतं त्याबद्दल माणसाला दोष देऊ नये, हे आपल्याला पटतं. आणि ज्याच्या गाडीखाली मूल आलं तो 'माझी चूक त्या दुसऱ्याएवढीच' म्हणत निवांत झोपला, तर तो माणूस आपल्याला राक्षस वाटतो. दोन्ही भावना खऱ्या, आणि एकमेकींशी जुळत नाहीत.

मी स्वतः इथवर आलोय : नुकसान भरून देणं निकालावर ठरावं, माणसाची पारख निर्णयावर. ज्याच्या हातून मूल गेलं त्याच्यावर जास्त देणं आहे. पण दुसरा त्याच्याहून चांगला माणूस नाही, आणि दंड भरून तो घरी गेला म्हणून त्यानं स्वतःला चांगला ड्रायव्हर समजू नये. दुर्दैवानं तो तेच समजतो. काही झालं नाही ना, मग उद्या पुन्हा फोन.

आणि वाऱ्याला दोष देणाऱ्या धनुर्धराबद्दल तुमच्याशी सहमत. एक बाण वाऱ्यानं जातो. दहा वर्षांचे बाण वाऱ्यानं जात नाहीत. आकडेमोडताई तेच म्हणत होत्या.

निवांत

उशिरा येतोय. बातम्यांच्या बाजूनं एक भर.

मी वाय-टू-केच्या कामावर होतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोन आकड्यांत लिहिलेलं, ९९ नंतर ०० आलं की मशीन १९०० समजणार. रात्ररात्र बसून तारखेचा प्रत्येक हिशेब शोधायचा, बदलायचा, पुन्हा चालवून बघायचा. १ जानेवारी २००० उजाडला, किरकोळ गोंधळ सोडता काही झालं नाही. आणि आठवड्याभरात लोक म्हणायला लागले की हा सगळा बागुलबुवा होता, कंपन्यांनी पैसे उकळले. थोडं उकळलंही असेल, नाही म्हणत नाही. पण काम नीट झाल्याचा पुरावा म्हणजे काही न घडणं, आणि न घडलेल्याची बातमी होत नाही. ज्यानं आग विझवली त्याला पदक. आग लागूच दिली नाही त्याच्यावर ऑडिट.

याच्या दुसऱ्या टोकाला सोव्हिएत लष्करी अधिकारी पेट्रोव्ह. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत इशारा केंद्र. पडद्यावर अमेरिकेकडून ५ क्षेपणास्त्रं येताना दिसतायत. नियम सांगतो, वर कळवा. त्यानं वर कळवलं की यंत्रणा बिघडलीय. कारण? खरा हल्ला ५ क्षेपणास्त्रांचा कोण करेल, आणि यंत्रणा नवी, भरवशाची नाही. ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशानं उपग्रह फसला होता, हे नंतर कळलं. पुढे त्यानं स्वतःच सांगितलं की त्या क्षणी त्याची खात्री निम्मी-निम्मीच होती. आता या निर्णयाला काय म्हणायचं? प्रक्रिया तर पाळली नाही!

खडूस

पेट्रोव्हचं उदाहरण माझ्याच विरुद्ध जातं हे दिसतंय. 'प्रक्रिया पाळली' म्हणणाऱ्यांवर मी चिडतो, आणि इथे न पाळणाऱ्यानं जग वाचवलं. पण बघा, त्याच्याकडे कारण होतं आणि ते निकालाच्या आधीच होतं. एवढं मला पुरतं. यापुढे मीटिंगमध्ये मी 'काय झालं' याआधी 'तेव्हा काय माहीत होतं' विचारीन. जिंकलेल्यांनासुद्धा. त्यांना आवडणार नाही.

आकडेमोड

आधीच लिहून ठेवायला लावा काका. निकालानंतर 'तेव्हा काय माहीत होतं' याची आठवण आपोआप बदलते, आणि कुणी मुद्दाम खोटं बोलत असतं असं नाही.

खडूस

लिहायला लावलं की लोक अंग राखून लिहितात हो. 'धोके आहेत परंतु संधीही आहेत.' असल्या कागदांचे गठ्ठे पाहिलेत मी. एकच ओळ चालेल : काय घडलं तर मी चुकलो असं समजेन. ती लिहायला कुणी तयार होत नाही.

रानपाखरू, एक विचारू? तुमच्या दादाला कधी विचारलंत का, त्या दिवशी तो तिथे असता तर त्यानं काय केलं असतं?

रानपाखरू

विचारलं काका, वर्षश्राद्धाच्या आसपास. आधी चिडला. मग म्हणाला, मीही सहीच केली असती, बाबांनी मला नाही म्हणू दिलं नसतं. मग दोष का देतोस म्हटलं, तर म्हणाला, कुणाचाच दोष नाही असं धरलं तर मग मी चिडू कुणावर.

त्याच्याशी आता बोलणं बरं चाललंय. आत्यांशी अजून नाही, त्यांना औषधावरची चार वर्षं पक्की माहीत आहेत.